रेंज, टप्पा की पल्ला?

आमच्याकडे रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतात. बोलणं मराठीत, नियम इंग्रजीत. परवा तिरंदाज खेळणारीने विचारलं, "गॉब्लिन (खेळातला छोटा राक्षस) रेंजमध्ये आहे का?" शेजारचा मोबाइलकडे बघत म्हणाला, "एकच कांडी दाखवतंय."

तर शब्द हवाय, खरं तर दोन. नियमपुस्तकात लाँगबो, म्हणजे लांब धनुष्यापुढे १५० आणि ६०० असे आकडे असतात, फुटांत. १५० पर्यंत सरळ नेम. तिथून ६०० पर्यंत बाण पोचतो, पण वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा. त्यापुढे बाण सोडायचाच नाही. इंग्रजीत दोन्ही रेंजच. मराठीत काय म्हणावं? या धाग्यावर सुचवा.

गोफणगुंडा: पल्ला. लांब पल्ल्याच्या तोफा म्हणतोच की. अग्नी-५ चा पल्ला ५,००० किलोमीटरच्या वर, असंच छापून येतं. कृपया 'कक्षा' नको, तिथे उपग्रह फिरतात.

जुनी वही: पल्ला शस्त्राचा, टप्पा सावजाचा. तोफेचा पल्ला किती, असं विचारतो. पण शत्रू तोफेच्या टप्प्यात येतो. 'पल्ल्यात आला' म्हणून बघा, जीभ अडखळते. टप्प्यात आला म्हणजे आता मारायला हरकत नाही, असा भरवसा त्या शब्दातच आहे. म्हणून १५० चा टप्पा, ६०० चा पल्ला. "टप्प्याबाहेर आहे, पण बाण पोचेल," हे वाक्य कुणालाही कळेल.

चौथा फासा: टप्पा चेंडू खातो, बाण नाही. आणि मतदानही टप्प्याटप्प्याने होतं. शिवाय हा १५० चा आकडा मला कंजूषच वाटतो. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते ५० मीटरवर, म्हणजे १६४ फुटांवर. या नियमाने दोघांनाही दोन-दोन फासे टाकावे लागले असते!

जुनी वही: त्यांचं धनुष्य कंपाउंड, टोकांना कप्पी (पुली) असलेलं, वर भिंगही असतं. शिवाय लक्ष्य जागचं हलत नाही. गॉब्लिन सहा सेकंदांच्या फेरीत ३० फूट पळतो.

गोफणगुंडा: टप्पा मान्य. पण फूट कशाला मोजता? पटावरचा चौकोन पाच फुटांचा, त्याला सरळ 'घर' म्हणा, बुद्धिबळात म्हणतो तसं. टप्पा तीस घरं, पल्ला एकशेवीस. घर एक इंचाचं असेल तर पूर्ण पल्ला मांडायला दहा फुटी टेबल लागेल. आमच्याकडे राक्षस ओट्यावर, मिक्सरशेजारी उभा केला होता.

चौथा फासा: आणि हाल्बर्डसारखी लांब दांड्याची शस्त्रं दोन घरांपर्यंत पोचतात, त्याला टप्पा म्हणू नका. तो आवाका. हात पुरतो तेवढं आवाक्यात.

धागा काढणारा मीच. काल वापरून पाहिलं. "टप्प्यात आहे का?" "एकतीस घरं." "हात्तिच्या, मग दोन फासे." कुणी मोबाइल पाहिला नाही. पुढच्या फेरीत गॉब्लिन तिच्या शेजारच्या घरात आला. शत्रू इतका जवळ असला तरी बाणाला दोनच फासे आणि लहान आकडा. तिने आपणहूनच म्हटलं, "खेटलाय मेला." त्या नियमाला 'खेट' म्हणायचं का?

जुनी वही: 'खेटलाय' हे क्रियापदच राहू दे. नाम केलंत की नियमपुस्तकाचा वास येईल.