एकाच पॅनमध्ये खिमा, पास्ता आणि भाज्या: पाणी किती, आणि काय कधी घालायचं?

निळीशाई:
चार माणसांचं रात्रीचं जेवण एकाच पॅनमध्ये करायचं आहे. चिकन खिमा ४०० ग्रॅम, पेने पास्ता ३०० ग्रॅम, टोमॅटो, गाजर, ढोबळी मिरची, मटार. पास्ता वेगळा उकडायचा नाही, त्याच रसात शिजवायचा. अडचण अशी की काही पास्ता आतून कच्चा राहतो, काहींचा गिचका होतो आणि खिमा उकडल्यासारखा पांढरट दिसतो. पाण्याचं प्रमाण काय धरायचं? सगळं एकदम घातलं तर चालतं का? पॅन २८ सेंमीचा, जाड बुडाचा आणि खोलगट आहे, झाकणही आहे.

कढई_आणि_झारा:
सगळं एकदम घालू नका, तुमच्या तिन्ही अडचणी तिथूनच येतात.

आधी खिमा. गोठवलेला असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या आणि कागदाने टिपून कोरडा करा. पॅन चांगला तापला की दोन मोठे चमचे तेल घालून खिमा पातळ पसरवा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. सतत ढवळलं की पाणी सुटतं, आणि ते पाणी आटेपर्यंत खिमा तळला न जाता उकडतो. खालची बाजू तपकिरी झाली की उलटवा, फोडा, आणखी दोन-तीन मिनिटं परता. मग ताटलीत काढून ठेवा.

त्याच पॅनमध्ये एक मोठा कांदा बारीक चिरून, एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून मऊ होईपर्यंत परता. कांद्याला सुटलेल्या पाण्याने तळाला चिकटलेला तपकिरी थर सुटतो, तो उलथन्याने खरवडून घ्या. खरी चव त्याच थरात असते. मग चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून अर्धा मिनिट, गाजराच्या १ सेंमीच्या फोडी दोन मिनिटं, आणि त्यावर ४०० ग्रॅम टोमॅटोची प्युरी. प्युरीचा कच्चा वास जाईपर्यंत शिजवा.

आता खिमा परत घाला, पास्ता घाला आणि ६०० मिली उकळतं पाणी ओता. पाण्यात आणखी एक सपाट चमचा मीठ. वेगळं १०० मिली गरम पाणी बाजूला ठेवा, लागलं तरच घालायचं. पास्ता दाबून सपाट करा, एकही तुकडा रसाच्या वर राहता कामा नये. वर राहिलेल्याला नुसती वाफ मिळते आणि तोच आतून कच्चा राहतो. पाणी गार घातलं तर उकळी येईपर्यंत पास्ता नुसता भिजतो, वरचा स्टार्च सुटून तुकडे एकमेकांना चिकटतात. गिचका होतो तो बहुधा याने.

पहिली दोन मिनिटं सतत ढवळा, पास्ता चिकटतो तो याच वेळी. मग मंद-मध्यम आच, झाकण जरासं उघडं, दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून एकदा हलवायचं. पाकिटावर ११ मिनिटं लिहिलं असेल तर १३-१४ धरा, कारण घट्ट, आंबट रसात पास्ता साध्या पाण्यापेक्षा हळू शिजतो. नवव्या मिनिटाला ढोबळी मिरची, अकराव्याला मटार (गोठवलेले असतील तर तसेच). दाताखाली किंचित कणी लागते आणि रस अजून थोडा सैल आहे, तेव्हाच गॅस बंद. झाकून चार मिनिटं ठेवा, उरलेला रस पास्ता शोषून घेतो. आचेवरच रस पूर्ण आटवला तर ताटात येईपर्यंत तो कोरडा होतो.

पळीपंचपात्री:
वरचं प्रमाण बरोबर आहे, पण ते ड्युरम गव्हाच्या पास्त्याचं. पाकिटावर घटकांत ते बघून घ्या. मैद्याचा पास्ता या पद्धतीला मुळीच घेऊ नका, तो रसात लवकर फुटतो. आकार आखूडच हवा: पेने, फुसिली, मॅकरोनी. छोटी मॅकरोनी सात-आठ मिनिटांत होते, म्हणून तिच्यासाठी गाजर आणखी बारीक चिरा आणि पाणी ५० मिली कमी करा.

झुकिनी आणि मश्रूम खूप पाणी सोडतात. ती घालायची असतील तर खिमा काढल्यावर आधी मोठ्या आचेवर वेगळी परतून घ्या, नाहीतर रसाचं गणित बिघडतं. पालक अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. फरसबी मात्र पास्त्याबरोबरच घाला, टोमॅटोच्या आंबटपणात ती मऊ व्हायला वेळ लागतो.

निळीशाई:
खूप उपयोगी. तीन शंका. चिकनऐवजी मटण खिमा चालेल? वरून चीज आणि थोडं दूध घालायचं आहे, ते फाटेल का? आणि आठ जणांसाठी सगळं दुप्पट करायचं का?

कढई_आणि_झारा:
मटण खिमा चालेल, पण तो पास्त्याच्या १३ मिनिटांत मऊ होत नाही. प्युरी घातल्यावर कपभर पाण्यात झाकून २० ते २५ मिनिटं आधी शिजवा, मगच पास्ता आणि बाकीचं पाणी. खिम्याचं तेल बरंच सुटलं तर एखादा चमचा ठेवून बाकी काढा, नाहीतर रस पास्त्याला धरत नाही.

दूध टोमॅटोत उकळलं की फाटतंच. त्याऐवजी तीन-चार चमचे घट्ट क्रीम शेवटी घाला, त्यात चरबी जास्त असल्याने ते सहसा टिकतं. चीज किसून, ६०-८० ग्रॅम, गॅस बंद केल्यावर मिनिटभराने. उकळत्या रसात घातलं तर त्याच्या तारा आणि गोळे होतात, तेल वेगळं सुटतं. चीज खारट असतं, म्हणून शेवटचं मीठ त्यानंतर चाखून.

आठ जणांसाठी २८ सेंमीचा पॅन पुरणार नाही, ३५० ग्रॅम पास्त्याच्या पुढे तो ढवळताच येत नाही. मोठं, रुंद पातेलं घ्या आणि खिमा दोन घाण्यांत परता. पाणी दुपटीपेक्षा थोडं कमी, १०५० ते ११०० मिलीपासून सुरुवात करा. वाफ वरच्या पृष्ठभागातून जाते, आणि पातेल्यात तो दुप्पट होत नाही. प्रेशर कुकरची वाट मात्र धरू नका, पास्त्याचा फेस शिट्टीच्या वाटेत अडकू शकतो.

पळीपंचपात्री:
चिकनच्या फोडी घेणार असाल तर मांडीचं बोनलेस मांस घ्या, २ सेंमीचे तुकडे. ते पास्त्याबरोबर पूर्ण वेळ शिजलं तरी रसरशीत राहतं. छातीचं मांस वातड होतं, ते परतून बाहेर काढायचं आणि शेवटची चार-पाच मिनिटं परत घालायचं. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस बघा. एकच पाट असेल तर भाज्या आधी चिरा, मांस शेवटी.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात. दुसऱ्या दिवशी पास्त्याने सगळा रस पिऊन टाकलेला असतो, म्हणून दर वाढणीला दोन-तीन मोठे चमचे पाणी शिंपडून, झाकून, मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम करा.