मदत हवी आहे : नळीतून जाणारा डबा निम्म्या वाटेत थांबतो, दोष हवेचा की ईएसपी३२ कंट्रोलर बोर्डाचा?

नमस्कार मंडळी,

माझं काम वरच्या मजल्यावर, सुटे भाग खालच्या खोलीत. एकेका स्क्रूसाठी जिना चढून गुडघे बोलायला लागले, तेव्हा न्यूमॅटिक ट्यूबचं, म्हणजे हवेच्या जोरावर नळीतून डबा पाठवायचं खूळ डोक्यात शिरलं. पॅरिसमध्ये १९८४ पर्यंत चिठ्ठ्या अशा नळ्यांतून धावत होत्या, मला तर जेमतेम १४ मीटर न्यायचंय. तीन महिने झाले, जिना चालूच आहे.

पाइप ७५ मिमी पीव्हीसी, आतून साधारण ७०. खालचं तोंड उघडं, वरच्या टोकाला जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर हवा ओढते, ती सॉलिड स्टेट रिलेवर (बोर्डाच्या हुकमावर मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). डबा म्हणजे प्लास्टिकची बाटली, दोन्ही टोकांना फेल्टची पट्टी, सामानासकट ३०० ग्रॅम. ९० अंशाच्या एल्बोत तो पाचर ठोकल्यासारखा बसला, म्हणून प्रत्येक वळणावर ४५ अंशाचे दोन तुकडे आणि मध्ये वीतभर सरळ पाइप टाकलाय. डब्यात चुंबक आहे. वरच्या टोकाला पाइपच्या बाहेरून रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) चिकटवलाय, म्हणजे भोक पाडायला नको. स्विचची एक वायर ईएसपी३२च्या जीपीआयओ ३४ या पिनला, दुसरी ग्राउंडला, कोडमध्ये इनपुट पुलअप (स्विच उघडा असताना पिन 'हाय' धरून ठेवायला). चुंबक समोर आला की 'आला' छापायचं आणि मोटर बंद करायची, एवढंच.

होतं असं की डबा झोकात निघतो आणि उभा पाइप संपून आडवा सुरू होतो त्या दुसऱ्या वळणात थांबतो. कधी तिथवरही पोचत नाही, घसरत परत खाली येतो. मी सांधे घासले, फेल्ट तीनदा बदललं. हवा कमी पडते का हे पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरून यू केला. डबा दोरीने धरून ठेवला, तर पाणी ३२ सेंमी चढतं. ३०० ग्रॅम सरळ वर उचलायला ८ सेंमी पुरावं. मग अडतंय कुठे? वळणाची त्रिज्या वाढवू का?

ता. क. हाताने चुंबक फिरवला की स्विच चालतो. फक्त कधीकधी चुंबक काढला तरी 'आला' तसाच राहतो. ते मी फार मनावर घेतलेलं नाही.

प्रतिसाद १
नेमकं तेच मनावर घ्या! ईएसपी३२च्या ३४ ते ३९ या पिनांना आतून पुलअपच नसतो. कोडमध्ये लिहिलं तरी उपयोग शून्य. पिन अधांतरी लोंबकळतेय आणि लांब वायर अँटेनाचं काम करतेय. मोटरच्या कार्बन ब्रशांच्या ठिणग्या त्यात शिरल्या की झालं. डबा अडकत नसावा, तुमचा कोडच मोटर बंद करतोय. सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणारी कॉम्प्युटरवरची खिडकी) 'आला' कितव्या सेकंदाला छापलं जातं? आणि एकदा रिले वगळून मोटर थेट चालवून बघा.

धागाकर्ता
काय बोलू! 'आला' दुसऱ्या सेकंदाच्या आसपास छापलं जातंय. मोटर थेट चालवली तर डबा चार सेकंदांत वर. आदळून झाकण उडालं, वॉशर अजून वेचतोय. फेल्टचे तीन रोल फुकट गेले.

प्रतिसाद १
पिनपासून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन मोटरच्या वायरीपासून लांब न्या.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण घाईत २० मिलिसेकंदांचा डीबाउन्स (तेवढा वेळ सिग्नल टिकला तरच खरा मानायचा) ठोकू नका. डबा सेकंदाला ४ मीटर पळत असेल आणि स्विचला चुंबक ३ सेंमीपुरताच जाणवत असेल, तर सगळा खेळ ७-८ मिलिसेकंदांत आटोपतो. खरा डबाही निसटेल. इंटरप्ट वापरा, म्हणजे पिन बदलताच कोड लगेच दखल घेईल.

धागाकर्ता
रेझिस्टर आणि कपॅसिटर लावले, वायरींना पीळ दिला, इंटरप्ट टाकला. सलग २० फेऱ्या, एकही खोटा 'आला' नाही. दोघांचे आभार! आता आदळण्याचं काय करू? मोटर बंद झाली तरी डबा वेगातच येतो. वरच्या टोकाला स्पंज घातला, तर त्यावरून चेंडूसारखा उसळला.

प्रतिसाद २
स्पंज काढा, हवेलाच उशी करा. मोटरची नळी टोकाला न लावता अर्धा मीटर अलीकडे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून तिथे लावा आणि टोक हवाबंद झाकणाने बंद करा. डबा टीच्या पुढे गेला की समोरची हवा कोंडते आणि तीच ब्रेक लावते. दोन फेल्टमधलं अंतर मात्र टीच्या तोंडापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर डबा तिथेच तिरका होऊन बसेल. रीड स्विच टीच्या पुढे.

धागाकर्ता
टी आणायला निघालोय. जिना उतरून.