विहीर लागली की देव, कोरडी गेली की सून?

कोरडवाहू:
काल इथे एकाने विहिरीचा फोटो टाकून लिहिलं की पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याच्या, तळहातावर नारळ उभा राहिला, तिथेच खोदलं, ४५ फुटांवर पाणी लागलं, आता शंकेखोरांनी गप्प बसावं. खाली सगळ्यांनी हात जोडले. मला गप्प बसवत नाही.

आमच्या माणदेशात पाणाड्या दाखवेल तिथेच विहीर धरायची रीत आहे. पाणी लागलं की त्याला धोतर-टोपी, जेवण, पंचक्रोशीत नाव. नाही लागलं तर पाणाड्या कधी चुकत नाही. मग कुलदैवताचा नवस फेडायचा राहिलेला असतो, कुणीतरी विटाळ पाळलेला नसतो, नाहीतर नवी सून पांढऱ्या पायाची निघते. आमच्या चुलतीचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात विहिरीला कातळ लागला. सुरुंगावर सुरुंग उडवले, यारीने वर आला तो नुसता काळा पाषाण. खडखडीत कोरडा. कर्ज फिटलं, बोल फिटले नाहीत. आज ती सत्तरीत आहे आणि अजूनही त्या विहिरीचा विषय निघाला की उठून आत जाते.

नारळ फोडायला माझी हरकत नाही. यश देवाचं आणि अपयश घरातल्या सगळ्यात गरीब माणसाचं, या हिशेबाला आहे.

विठ्ठलाचा गडी:
माऊली, तुमच्या चुलतीवर अन्याय झाला तो माणसांनी केला. पांडुरंगाला त्यात ओढू नका.

जिरायती माणूस सोसायटीचं कर्ज काढून खड्डा खणतो तेव्हा त्याच्यामागे कोण उभं असतं? आमच्या वडिलांची पहिली विहीर वाया गेली. भावकी हसली, सावकार दारात बसला. तरी त्यांनी दुसरी धरली. गळ्यात तुळशीची माळ होती म्हणून दोर आला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हा आधार तुमच्या शंकेतून मिळतो का, सांगा.

आणि राळेगणसिद्धीचं उदाहरण सगळे देतात. १९७५ मध्ये अण्णा हजारे फौजेतून गावी आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी काय हाती घेतलं? यादवबाबांचं मंदिर. पदरचे पैसे घालून. गाव देवळापाशी जमलं म्हणून पुढे पाणलोटाच्या कामाला हात मिळाले.

भूस्तर:
भूजल सर्वेक्षणाच्या कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर.

राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. यात पाणी असतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या खडकात आणि कातळाच्या भेगांत. ओढ्याकाठच्या खोलगट रानात ४०-५० फूट कुठेही खोदा, बहुतेक ठिकाणी थोडंफार पाझरतंच. पाणाड्याही माळाच्या टेकाडावर नारळ घेऊन चढत नाही. तो उंबर बघतो, वारूळ बघतो, उन्हाळ्यात हिरवी राहिलेली लव बघतो. त्याचं ज्ञान डोळ्यांत आहे. नारळ लोकांना दाखवायला.

१९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ एका कोठारात याची मोठी परीक्षा झाली. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी सरकवायची आणि वरच्या पाणाड्याने जागा सांगायची. शेकडो लोकांतून ४३ जण निवडले, ८४३ चाचण्या घेतल्या. घेणाऱ्यांनी काही जणांना खरंच कळतं असा दावा केला. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासून दाखवलं की हे अंदाजाच्या पलीकडे जात नाही.

आमचं यंत्रही चुकतं. जमिनीत सळ्या ठोकून वीज सोडतो, थर तिला किती अडवतात ती रोधकता मोजतो, तरी कधी कातळच लागतो. चुकलं की आम्ही नोंद करतो आणि पुढच्या गावी ती उघडून बसतो.

विठ्ठलाचा गडी:
म्युनिकच्या नळीत आणि माझ्या रानात फरक आहे साहेब. आमच्याकडचा म्हातारा पाणाड्या पायाळू आहे, पायाकडून जन्मलेला, चपला काढून रानातून चालतो आणि थांबतो. त्याने दाखवलेल्या विहिरींवर अख्खी वाडी जगली. आणि वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजलाची खूण सांगितली तेव्हा तुमची सळई कुठे होती?

भूस्तर:
बृहत्संहितेतला दकार्गलाचा, म्हणजे भूजल शोधण्याचा अध्याय मी वाचलाय. त्यात झाडं, वारुळं, माती, खडक यांच्या खुणा आहेत. म्हणजे निरीक्षणच. तुम्ही माझ्याच बाजूचा साक्षीदार उभा केलात.

रानजाई:
नारळावर एवढा वाद घालताय, बोअरच्या गाडीवर कोण बोलणार? आमच्या शेजाऱ्याने बांधाला लागून ६०० फूट बोअर मारलं. रात्रभर गाडी घरघरत होती, सकाळी आमच्या भाजीवर पांढरी धूळ. त्याच उन्हाळ्यात आमची आजोबांच्या काळातली विहीर आटली. ७२ च्या दुष्काळात तिने गाव पाजलं होतं. तो शेजारी देव मानत नाही. स्वतःच्या मनगटावर विश्वास आहे म्हणतो. अशा मनगटाचं काय करायचं?

बागाईतदार:
ताई, जपून बोला. बाग जळायला लागली की टँकरला पैसे मोजायचे मीच ना? देव येत नाही, सरकार येत नाही. कर्ज माझं, बोअर माझं. कष्टाला तुम्ही चोरी म्हणणार असाल तर बोलणंच खुंटलं.

रानजाई:
बोअर तुमचं, पण खालचं पाणी तुमच्या सातबाऱ्यावर चढलेलं नाही. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालायची तरतूद आहे. किती गावांत कुणी विचारतं? हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचंच नाही असं ठरवलं आणि पाळलं. पाऊस किती पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पीक ठरवतात. तिथे एकट्याच्या मनगटाला किंमत नाही, ग्रामसभेला आहे.

बागाईतदार:
हिवरे बाजारची पोथी आता पुरे. तिथे पोपटराव पवारांसारखे सरपंच होते. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. शिकवण्या देणाऱ्यांनी एक उन्हाळा बाग सांभाळून दाखवा.

कोरडवाहू:
रानजाईताईंचं दुखणं खरं आहे आणि बागाईतदार नुसतेच चिडलेत. पण बोअरच्या जागेसाठीही लोक पाणाड्याच आणतात, हे विसरू नका. फुटाच्या भावाने पैसे जातात. ३०० ला फुफाटा निघाला की पाणाड्या म्हणतो अजून १०० जाऊ द्या, पाण्याची नाडी खाली आहे. गाडीवाल्याला काय, तो जातो. शंका घेणारा एक जरी माणूस तिथे उभा असता तर लाखाचा खड्डा वाचला असता.

गडीदादा, माळेने तुमच्या वडिलांना तारलं, त्यावर मी शब्द काढणार नाही. पण पहिल्या विहिरीची जागा कुणी दाखवली होती, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

विठ्ठलाचा गडी:
पाणाड्यानेच. दुसरीचीही त्यानेच. मग?

तुम्ही लोक श्रद्धा म्हटलं की नवस, कोंबडं आणि अंगात येणं एवढंच बघता. सावता माळी पंढरपूरला न जाता मळ्यातच राबले, त्यांना भाजीत विठ्ठल दिसला. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, नवसाच्या बोकडाला विरोध केला आणि कीर्तनही केलं. आमच्या परंपरेने हात बांधून बसायला कधीच सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र आम्हाला बावळट ठरवूनच बोलायला सुरुवात करता. राग येतो तो त्याचा.

पांढऱ्या पायाचं बोलणाऱ्याला मी दिंडीत शेजारी उभा करणार नाही. एवढं तुमचं घेतो. जास्त मागू नका.

कोरडवाहू:
मला तेवढंच हवं होतं. गाडगेबाबांचं नाव घेतलंत, तर गावातल्या पुढच्या कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून हेच बोला. इथे बोलून आमच्या चुलतीला काही मिळत नाही.

विठ्ठलाचा गडी:
बोलेन. मला आव्हान द्यायची गरज नाही. पाडव्यानंतर धाकट्याच्या वाटणीत विहीर धरायची आहे. भूस्तर साहेब, तुमच्या यंत्राचं काय ते सांगा. नारळ मी फोडणारच आणि म्हाताऱ्यालाही बोलावणार.

भूस्तर:
बोलवा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करा, सातबारा आणि गटाचा नकाशा बरोबर न्या. आसपासच्या विहिरींना मे महिन्यात किती फुटांवर पाणी असतं आणि खोदताना कोणते थर लागले, हे शेजाऱ्यांना विचारून आधीच लिहून ठेवा. म्हाताऱ्याने दाखवलेल्या जागेवर खुंटी मारा. आमची माणसं आली की त्यांना ती आधी दाखवू नका.

रानजाई:
आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासून लांब धरा.