मदत हवी आहे: लँडिंगनंतर विमानाची बॅटरी गरमच असते, फास्ट चार्जिंगआधी किती थंड करायची?

नमस्कार मंडळी, आम्ही चौघं मिळून दोन सीटर इलेक्ट्रिक ट्रेनिंग विमानाच्या बॅटरीचं थर्मल मॉडेल बनवतोय, खरं विमान वगैरे काही नाही, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे आणि सगळं कॉम्प्युटरवरच, पण दोन आठवडे एकाच जागी अडकलोय म्हणून इथे विचारतेय.

पॅक २० किलोवॅट-अवरचा, ३५० व्होल्टचा, म्हणजे साधारण ५७ अँपिअर-अवर. सेलचं वजन १०० किलो धरलंय, अख्ख्या पॅकचा रेझिस्टन्स १०० मिलीओहम. चार्जिंग २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत, ३सी ने (१सी म्हणजे रिकामी बॅटरी एका तासात भरेल एवढा करंट, ३सी त्याच्या तिप्पट), म्हणजे १७१ अँपिअर, १२ मिनिटं. आय स्क्वेअर आर (करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स) काढलं तर २.९ किलोवॅट नुसती उष्णता येते, १२ मिनिटांत सुमारे २१ लाख ज्यूल, आणि एवढ्या सेलना एक डिग्री चढायला साधारण एक लाख ज्यूल लागतात. म्हणजे कूलिंग नसेल तर पॅक २१ डिग्रीने चढणार. लँडिंगनंतर तो आधीच ४२ ला असतो, ४२ नि २१ त्रेसष्ट, आमचा कटऑफ, म्हणजे त्यावर जायचंच नाही ते तापमान, ५५. संपला विषय.

मग जमिनीवरचा चिलर लावला. १० डिग्रीचं ग्लायकॉल-पाणी पॅकमधून फिरवायचं आणि सेन्सरने १८ दाखवले की चार्जिंग सुरू. तापमान एकदम छान राहिलं हो, पण लिथियम प्लेटिंगचा (लिथियम अॅनोडच्या आत न शिरता वरच धातू म्हणून साचण्याचा) चेक लालेलाल, ग्राफाइट अॅनोडचं, म्हणजे चार्जिंगमध्ये लिथियम जिथे शिरतं त्या बाजूचं, पोटेन्शियल शून्याखाली जातंय. वर थंड करण्यातच १४ मिनिटं गेली, चार्जिंगपेक्षा जास्त! गरम ठेवलं तरी पंचाईत, थंड केलं तरी पंचाईत. मग सुरू कितीवर करायचं?

प्रतिसाद:
१सी ने करा की, एवढी घाई कशाला? विमान काय पळून जातंय.

धागाकर्ती:
तेही करून पाहिलं. करंट तिप्पट केला की उष्णता नऊपट वेगाने तयार होते पण वेळ एक तृतीयांश लागतो, म्हणून एकूण उष्णता तिप्पटच. १सी ला पॅक फक्त ७ डिग्री चढतो, पण ३६ मिनिटं लागतात. ट्रेनिंगचं विमान एकामागून एक उडायला हवं, तेवढा वेळ जमिनीवर बसवलं तर प्रोजेक्टचा मुद्दाच गेला.

प्रतिसाद:
ताई, तुम्ही आजार नसताना औषध दिलंत. ३सी ला बॅटरी कोमट असणं ही अडचण नाही, ती तुमची मदत आहे. लिथियमला ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ लागतो, सेल थंड असला की तो वेळ वाढतो, आणि तुम्ही मागून १७१ अँपिअरने ढकलताय, मग आत जागा मिळत नाही म्हणून वरच धातू साचतो. शिवाय थंड सेलचा रेझिस्टन्सही वाढतो. मॉडेलमध्ये १०० मिलीओहम सगळ्या तापमानाला सारखेच ठेवले असतील तर ते आधी बदला.

पेन स्टेट विद्यापीठातल्या च्याओ-यांग वांग यांच्या ग्रुपने तर उभं उडणाऱ्या इलेक्ट्रिक विमानांच्या बॅटरीसाठी उलटंच केलं, सेलमध्ये निकेलची पातळ पट्टी घालून चार्जिंगच्या आधी सेल ६० डिग्रीपर्यंत तापवला आणि मग पाच-दहा मिनिटांत चार्ज केला. २०२१ चं काम आहे. गरम राहिल्याने सेल म्हातारा होतो हे खरं, पण ते किती वेळ गरम राहिला यावर असतं, दहा मिनिटं गरम आणि दिवसभर गरम यात फार फरक. म्हणून तुम्ही ६० ला न्या असं म्हणत नाहीये हां, तुमच्या सेलमध्ये ती पट्टी नाही.

आता सेन्सर. तो कुठे बसवलाय? सिलिंड्रिकल सेल असतील आणि कोल्ड प्लेट (कूलंटने थंड होणारी पाटी) खाली असेल तर सेलचं वरचं टोक चार्जिंगच्या शेवटी खालच्यापेक्षा सहज दहाएक डिग्री गरम असतं. सेन्सर प्लेटजवळ असेल तर तुम्हाला थंड बाजूच दिसतेय. प्लेटिंगचं ठरवतो सगळ्यात थंड सेल, कटऑफचं ठरवतो सगळ्यात गरम सेल. सरासरीचा इथे काही उपयोग नाही.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. एक भर. चिलर विमानात न्यायचा नाही हे तुम्ही बरोबर केलंत, पण मग कूलंट कुठून जोडणार? इलेक्ट्रिक विमानं बनवणाऱ्या कंपन्यांचं बघा, जोबीने मांडलेल्या चार्जिंग सिस्टिममध्ये विजेबरोबर थंड द्रवही प्लगमधूनच येतो, बीटा आणि आर्चर मात्र इलेक्ट्रिक गाड्यांच्या सीसीएस प्लगकडे गेलेत, त्यात बॅटरीचं कूलंट नसतं, ती नळी वेगळी लावावी लागते. दुसऱ्या विमानतळावर उतरलात आणि तिथे फक्त प्लग मिळाला तर काय, तेही मॉडेलमध्ये एक केस म्हणून ठेवा. पिपिस्ट्रेलच्या व्हेलिस इलेक्ट्रोची बॅटरी लिक्विड कूल्ड आहे, २०२० च्या जूनमध्ये इयासाचं (युरोपची विमान सुरक्षा संस्था) टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या डिझाइनला मंजुरी, मिळालेलं पहिलं इलेक्ट्रिक विमान तेच, त्याची मांडणी बघून ठेवा.

धागाकर्ती:
सेन्सर प्लेटजवळच होता 🤦 आणि रेझिस्टन्सही स्थिरच होता. आज दोन्ही बदलून रन केलं.

आता लँडिंगनंतर थांबायचंच नाही. ४२ लाच चार्जिंग सुरू, कूलंट १० ऐवजी २५ डिग्रीचं. गंमत म्हणजे २.९ किलोवॅट तयार होते आणि जवळपास तेवढीच बाहेर जाते, पॅकची सरासरी ४२ वरून हलतच नाही. वरचं टोक ४९ ला, कटऑफच्या आत. प्लेटिंगचा चेक ७० टक्क्यांपर्यंत हिरवा, त्यापुढे पुन्हा काठावर येतोय.

पण आता पॅक ४२ वर घेऊन टेकऑफ करायचा, तिथे मार्जिन फारच कमी वाटतंय.

प्रतिसाद:
७० नंतर करंट २सी वर आणा, एकदोन मिनिटं वाढतील, वाढू द्या. आणि थंड करायचं ते चार्जिंगनंतर. करंट बंद झाला की प्लेटिंगची भीती गेली, तेव्हा खुशाल १५ डिग्रीचं कूलंट सोडा. तुमच्याच आकड्यांवरून, आधीच्या १४ मिनिटांचा हिशोब धरला तर ४२ वरून ३२ ला यायला पाचेक मिनिटं पुरतील, आणि तेवढा वेळ तसाही प्रीफ्लाइट चेकमध्ये जातोच, नळी लावलेलीच राहू दे.

धागाकर्ती:
म्हणजे २६ मिनिटांच्या जागी १८-१९. मॉडेलमध्ये टाकते आणि वरच्या टोकाचा ग्राफ उद्या इथेच चिकटवते. गाईडना आम्ही १० डिग्रीचा चिलर अगदी छातीठोकपणे सांगितलाय, ते कसं मागे घ्यायचं तेवढं आता सुचवा कोणीतरी.