जन्मतः आत वळलेली पावले: मोफत उपचार कुठे मिळतील?

रानजाई: बहिणीच्या तीन आठवड्यांच्या बाळाची दोन्ही पावले आत वळलेली आहेत. घरचे हातावर पोट आहे आणि एका खासगी दवाखान्याने मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च सांगितला आहे. धर्मादाय उपचार मिळतील का?

माणदेशी: याला क्लबफूट म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश असल्याने जिल्हा रुग्णालयातच चौकशी करावी. क्युअर इंडिया ही संस्थाही सरकारी रुग्णालयांच्या साहाय्याने मोफत उपचार करते. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, आणि बहुधा पाच-सहा प्लास्टरनंतर टाचेमागची कंडरा लहानशा छेदाने सैल करतात. मोठी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हे बहिणीला कोणी ऐकवत असेल तर त्याकडे साफ दुर्लक्ष करावे.

सुईदोरा: खरी कसोटी नंतर लागते. आडव्या पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे सुमारे तेवीस तास आणि पुढे वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपेत घालावे लागतात. माझी मुलगी रडायची म्हणून सासूबाई रात्री हळूच पट्टे सोडत असत. बूट वगळले की पाऊल पुन्हा वळते, हे डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून सांगितल्यावर ते थांबले.

रानजाई: आभारी आहे. सोमवारीच जिल्हा रुग्णालयात नेतो.