मदत हवी आहे: अन्ननलिका बंद असलेल्या नवजात बाळाला कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव) द्यावं का?

नमस्कार मंडळी. गोंदिया-गडचिरोलीकडून नागपूरला रेफर होणाऱ्या बाळांसाठी एक पानी सूचना लिहिणं सुरू आहे, दोन मुद्द्यांवर अडलंय.

नेहमीच्या केसबद्दल वाद नाही. ८ किंवा १० फ्रेंचची (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचं माप), एक्स-रेत दिसणारी नळी तोंडातून घालायची. १०-१२ सेंमीवर अडली की छाती-पोट एकाच फिल्मवर. पोटात गॅस दिसला म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला फिस्टुला (श्वासनलिकेशी जोडणारी चुकीची वाट) आहे. बारीक, लुसलुशीत नळी मात्र नको, ती पाऊचमध्येच (अन्ननलिकेच्या वरच्या, बंद भागात) वेटोळं घालते आणि पोटात उतरल्यासारखी वाटते. पाऊच स्पष्ट दिसत नसेल तर फिल्म घेताना नळीतून ५ मिली हवा सोडली तरी भागतं. यासाठी बेरियम (कॉन्ट्रास्टचाच एक प्रकार) पाजायचं काही कारणच नाही: एवढासा पाऊच भरला की ते उतू जाऊन थेट फुप्फुसात. गॅस्ट्रोग्राफिन (आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट) तर नकोच. त्याची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची तीव्रता) इतकी जास्त की श्वासमार्गात गेलं तर फुप्फुसात पाणी खेचलं जातं.

आता अडचण. पोटात गॅस अजिबात नाही आणि वरच्या फिस्टुलाची शंका आहे, तेव्हा तुम्ही फ्लुरोस्कोपीखाली (चालू एक्स-रेवर बघत) अर्धा-एक मिली आयोहेक्सॉल (कमी ऑस्मोलॅलिटीचं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट) देऊन लगेच सक्शन करता, की सरळ ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासमार्ग तपासणं)? पोर्टेबल मशीनवर अंदाजाने देणं मला तरी पटत नाही.

दुसरं, आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट दिल्यावर ३ आठवड्यांच्या आत थायरॉइड तपासायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर ही नोंद तुमच्याकडे रेडिओलॉजी करतं की एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग)?