सवत की सहपत्नी?

गोदाकाठ: मारियामा बा यांच्या १९७९ च्या फ्रेंच कादंबरीतली काही पानं मराठीत आणतेय. सेनेगलमधली रामातुलाय नवरा गेल्यावर मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहिते. नवऱ्यानं लेकीच्या मैत्रिणीशीच दुसरं लग्न केलेलं. मूळ शब्द 'को-एपूज'. मी 'सहपत्नी' लिहिलं, तर आई म्हणाली, "हे काय सरकारी? सवत म्हण की." पण सवत म्हटलं की भांडण आधीच येऊन बसतं. आणि मयताच्या घरी नणंदा तर दोघींना एकाच मापानं मोजतात: ३० वर्षांचा संसार आणि ५ वर्षांचा, बारा बाळंतपणं आणि तीन. तिथं काय लिहू?

जुनावाडा: सवतच. संस्कृत 'सपत्नी' या शब्दाचंच 'सवत' झालं. संस्कृतात शत्रूला सपत्न म्हणतात, तो शब्दही सपत्नीवरूनच घडला. भांडण शब्दाच्या रक्तात आहे, ते का काढता?

आंबेमोहोर: पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेतही तसंच. किशी म्हणजे मत्सर, किशिया म्हणजे सवत. नायजेरियाच्या लेखिका बुची एमेचेटांच्या कादंबरीत लागोसच्या एका खोलीत नायिका न्नू एगोला नवऱ्याचा आणि सवत अदाकूचा आवाज रात्रभर ऐकत पडावं लागतं. अदाकू ही मेलेल्या दिराची बायको, रीतीनं वाट्याला आलेली. तिथं 'सहपत्नी' चालणार नाही.

माहेरवाट: माझ्या पणजीला सवत होती. दोघी एकमेकींना 'बाई' म्हणायच्या. पापड लाटताना एकीनं लाटी करायची, दुसरीनं लाटायचं, असं आजी सांगायची. 'सवत' हा शब्द शेजारणींचा, घरात कुणी उच्चारत नसे. घरात थोरली नि धाकटी.

गोदाकाठ: माहेरवाट, हे फार कामाचं. म्हणजे नणंदांच्या तोंडी थोरली-धाकटी, आणि रामातुलाय स्वतःशी बोलते तेव्हा सवत. पत्र जिला लिहिलंय त्या आइसातूनं तर नवऱ्यानं दुसरी केल्यावर घरच सोडलं, शिकून दुभाषी झाली. 'सह' हा उपसर्ग तिला खोटाच वाटला असता. आणखी एक. नवरा गेल्यावर बाईनं पाळायची चार महिने दहा दिवसांची मुदत, तिला 'इद्दत'च ठेवू ना?

जुनावाडा: इद्दत ठेवाच, मराठी मुसलमानांच्या घरात तोच शब्द आहे. पण थोरली-धाकटी म्हणजे जावाही असू शकतात, वाचक गोंधळेल.

आंबेमोहोर: संदर्भानं कळतं. 'सावत्र'सुद्धा सवतीवरूनच ना?

जुनावाडा: सापत्नवरून.

माहेरवाट: मग त्यातला 'र' कुठून आला?